लुमीर कोटास आणि चालता पट्टा

लुमीर कोटासला माणसांची शिसारी होती. सगळ्यांची नाही, पण बहुतेकांची. उडवण्यापेक्षा विमान पुसण्यात ज्यांचा शनिवार जातो त्यांची शिसारी. काळा चष्मा कपाळावर चढवून "आज हवा काय मस्त पडलीय, नाही?" असं विचारणाऱ्यांची तर जास्तच. हवा कधी मस्त नसते, ती तुम्हाला गाठायची संधी शोधत असते, असं तो म्हणे आणि हातातल्या कपात बघून तोंड वाकडं करी. कॉफीचीही शिसारीच. "हे काय कपबश्या धुतलेलं पाणी आहे का?" असं तो दर शनिवारी विचारायचा, आणि दर शनिवारी तीच कॉफी दोनदा प्यायचा.

अमेरिकेच्या मक्याच्या मुलखातल्या आमच्या काउंटीचं विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, विमानं ठेवायचे पत्र्याचे आठ-दहा हँगर, आणि एक बुटकी इमारत. त्या इमारतीतल्या लांबड्या टेबलाशी शनिवारी सकाळी ज्यांना घरात कोणी विचारत नाही असे सगळे जमतात. लुमीरची खुर्ची खिडकीशी. नवखा कोणी चुकून तिथे बसला तर लुमीर काही बोलत नसे, नुसता शेजारी उभा राहायचा, आणि तेवढं पुरायचं.

ह्या माणसाने तीस-पस्तीस उन्हाळे मक्यावर आणि सोयाबीनवर औषध फवारलं होतं. पहाटे उठायचं, पिकाच्या तुऱ्यांना चाकं लागतील इतक्या खालून जायचं, विजेच्या तारा आल्या की वर उसळायचं, वळायचं, परत खाली. त्याच्या बरोबरीचे दोघे-तिघे तारांत अडकून शेतातच राहिले. लुमीर राहिला नाही. त्याचा मोठेपणा तो सांगत नसे, पण बाकीच्यांनी सांगितलेला ऐकून घेत असे. फवारणी बंद केल्यावर त्याने स्वतःसाठी दोन माणसांचं एक जुनं विमान घेतलं, आणि आता आठवड्यातून दोनदा तो वर जाऊन यायचा. कुठे जायचं नसायचंच. जायचं, खालच्या सगळ्यांवर नाक मुरडायचं, आणि यायचं. एवढं एक सुख त्याला जगात शिल्लक होतं, आणि ते सुख आहे हेसुद्धा तो कबूल करत नसे.

बायको व्लास्ता त्या विमानात कधीच बसली नव्हती. लग्नानंतरचे सगळे उन्हाळे तिने पहाटे स्वयंपाकघरात उभं राहून काढले होते, इंजिनाचा आवाज परत येतो का ते ऐकत. "तुझ्या त्या डब्यात मी मेले तरी बसायची नाही," हे ती इतक्या वेळा बोलली होती की लुमीरने विचारायचंच सोडलं होतं. आणि ह्या उन्हाळ्यात, भांडी पुसता पुसता, कोणी न विचारता ती म्हणाली, "सप्टेंबरच्या न्याहारीला मला वर ने."

लुमीरच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "कुठे वर?"

"स्वर्गात. अरे, विमानातून. म्हातारी झाले आता. पडले तरी काय मोठंसं नुकसान होणारे?"

"मी पाडत नाही कोणाला."

"मग काय प्रश्नच नाही," व्लास्ता म्हणाली आणि दुसरी ताटली पुसायला घेतली.

सप्टेंबरची न्याहारी म्हणजे आमचा वर्षाचा सण. आजूबाजूच्या गावांतून लोक आपापली विमानं घेऊन येतात, हँगरमध्ये मोठाल्या तव्यांवर धिरड्यांसारखे पॅनकेक पडतात, सॉसेजचा धूर होतो, आणि पोटभर खाऊन झालं की ज्याच्या त्याच्या बायकापोरांना एकेक फेरी मिळते. इतकी वर्षं त्या रांगेत लुमीरच्या शेजारची जागा रिकामी असायची. आता त्याने विमान आतून धुतलं. लोकांना दिसू नये म्हणून हँगरचं दार लावून धुतलं.

त्याच उन्हाळ्यात ती ट्रेडमिलची ब्याद आली.

आणली डेलमर झीमाने. डेलमरचं बी-बियाण्यांचं दुकान. माणूस गोलमटोल, हसरा, आणि इंटरनेटवर काही वाचलं की ते दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. एका शनिवारी तो छापलेला कागद घेऊन आला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, "ऐका रे. व्यायामशाळेत असतो ना, चालता पट्टा? तसा धावपट्टीएवढा पट्टा आहे समजा. त्याच्यावर विमान उभं. विमान ज्या वेगाने पुढे जायला बघेल, त्याच वेगाने पट्टा मागे पळणार. आता बोला, विमान उडणार की नाही?"

"नाही," लुमीर म्हणाला. "झालं. घडी कर तो कागद."

"पण मी म्हणतो उडणार!"

"तू म्हण. तू गेल्या वर्षी गुळगुळीत टायरवर उतरलास आणि वरून टायरवाल्यालाच शिव्या दिल्यास."

टेबल हसलं. पण घडी काही झाली नाही. अर्ध्यांचं म्हणणं उडेल, अर्ध्यांचं नाही. लुमीरचं म्हणणं एका वाक्याचं होतं: चाकं पुढे जाणार तेवढाच पट्टा मागे, म्हणजे विमान जागच्या जागी. जागच्या जागी म्हणजे पंखांना वारा नाही. वारा नाही म्हणजे उड्डाण नाही. ज्याला हे कळत नाही त्याने ट्रॅक्टर चालवावा.

कोपऱ्यात अर्डिथ बसली होती. अर्डिथ आमच्या विमानतळाची शिक्षिका. चाळिशी कधीच उलटलेली, केस पांढरे, आवाज शांत. फवारणी नसे तेव्हा लुमीर उडायला शिकवायचा; तिलाही शिकवलं ते त्यानेच, म्हणून ती त्याला अजून मास्तर म्हणते. ती म्हणाली, "मास्तर, विमानाची चाकं काही इंजिनाला जोडलेली नसतात. मोटारीत चाकं ढकलतात. इथे समोरचा पंखा हवेला धरून ओढतो. चाकं बिचारी नुसती फिरतात."

"मला सांगतेस?"

"असं बघा. पायात चाकांचे बूट घाला, आणि त्या चालत्या पट्ट्यावर उभे राहा. समोरच्या भिंतीला दोर बांधलाय. दोर ओढलात तर पुढे जाल की नाही? पट्टा किती का मागे पळेना. फार तर बुटांची चाकं दुप्पट गरगरतील."

"आता बूट घालून उडायला शिकवणार ही मला," लुमीर म्हणाला आणि उठून कप विसळायला गेला. कप स्वच्छ होता.

पुढचे शनिवार त्याच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. जो येईल तो तेच बोले. दोन सख्खे शेजारी ह्या पट्ट्यावरून बोलेनासे झाले. कोणीतरी पाद्रीबाबांना गाठून विचारलं, आणि ते बिचारे "प्रभूची इच्छा असेल तर उडेल" म्हणून निसटले. पेट्रोलपंपावरची मुलगीसुद्धा लुमीरला सुट्टे पैसे परत देताना म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाहीवाल्यांतले ना?" लुमीरला वाटलं, थुंकावं. सबंध आयुष्य हवेत घालवलं, आणि आता ही दुकानदार मंडळी कागद वाचून त्याला उडणं शिकवणार. घरी व्लास्ताही विचारायची, "पण खरंच उडत नाही का रे?" तेव्हा तो ताट सरकवून म्हणायचा, "तू पण?"

मग डेलमरने प्रयोग मांडला.

त्याच्या दुकानात सोयाबीनचं बियाणं ट्रकमध्ये चढवायचा रबरी पट्टा आहे. धान्य चढवायच्या लोखंडी स्क्रूच्या यंत्राने दाणे फुटतात, म्हणून बियाण्याला पट्टाच लागतो. तो त्याने ट्रॅक्टरला जोडून हँगरमध्ये आणला, आडवा केला, आणि त्यावर रिमोटवर चालणारं आपल्या भाच्याचं खेळण्यातलं विमान ठेवलं. आमचं सगळं टेबल कप हातात घेऊन उभं. व्लास्ता कोलाच, म्हणजे खसखशीच्या सारणाचे गोड पाव, घेऊन आली होती, त्यांचं मोठं तबक पट्ट्याच्या टोकाशी ठेवलेलं. लुमीर दाराशी उभा होता, हात कोटाच्या खिशात. त्या कोटाला औषधाचा वास इतका मुरला होता की व्लास्ता तो घरात टांगू देत नसे.

डेलमर ओरडला, "सोडा पट्टा!"

पट्टा खडखडत मागे पळायला लागला. विमानाचा पंखा भुणभुणला. क्षणभर ते चिमुकलं विमान थरथरत जागच्या जागी राहिलं, चाकं दिसेनाशी झाली, आणि लुमीरच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. डेलमरने रिमोटवरची दांडी पुढे रेटली. विमान सरळ पुढे निघालं, जसं काही खाली पट्टाच नाही. तीन-चार हात गेलं, उचललं, डेलमरच्या टोपीवरून गेलं, आणि वळताना सरळ कोलाचांच्या तबकात घुसलं.

हँगरभर नुसता गोंधळ. खसखस चहूकडे. डेलमर नाचत होता. आणि ह्या सगळ्यात व्लास्ता, जिचे कोलाच मातीत गेले होते, टाळ्या पिटून ओरडली, "उडलं की रे, लुमीर! उडलं!"

"खेळणं आहे ते," लुमीर म्हणाला.

"पण उडलं ना?"

"खेळण्याला काय धाड भरलीय! नुसतं फेकलं तरी उडेल ते." तो वळला आणि चालता झाला. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरांना चालत्या पट्ट्यावरून घरी पाठवा रे, पोचणारच नाहीत." हसणं त्याला गाडीपर्यंत ऐकू आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. सगळ्यात जास्त राग आला तो बायकोच्या टाळ्यांचा.

पुढच्या गुरुवारी त्याची उजळणी होती. आमच्यात दर दोन वर्षांनी प्रत्येक वैमानिकाने एका शिक्षकाबरोबर तासभर बोलायचं आणि तासभर उडायचं, मग शिक्षक त्याच्या वहीत सही करतो. त्या सहीशिवाय विमानाला हात लावायचा नाही. लुमीरची जुनी सही महिनाअखेरपर्यंत चालणार होती. आजवर ती उजळणी म्हणजे दोन फेऱ्या आणि कपभर वाईट कॉफी. "लवकर आटप," तो अर्डिथला म्हणाला. "रविवारी न्याहारीला व्लास्ताला न्यायचंय. विमान घाण करू नको."

"रविवारी? व्लास्ता बसणार?" अर्डिथचा चेहरा उजळला.

"तिचं वय झालंय. डोकं ठिकाणावर नाही," लुमीर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते अर्डिथला बरोबर ऐकू आलं. ती नुसती हसली.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला होता. आमच्याकडचा तो वारा माणसाच्या तोंडातला शब्द पळवून नेतो. वर गेल्यावर अर्डिथने एका शेतातल्या एकट्या उंच कोठाराकडे बोट दाखवलं. "त्याच्याभोवती एक गोल मारा, मास्तर. खालूनच."

"पोरांचे खेळ," लुमीर म्हणाला. पण मारला. हे तर त्याचं रोजचं काम होतं, झोपेत करावं असं. वाऱ्याला तोंड देऊन निघाला तेव्हा खालचं शेत कसं रांगत होतं. मग वळला, वारा पाठीशी आला, आणि खालची जमीन एकदम धावत सुटली. कुंपणं, मक्याच्या रांगा, एक लाल ट्रक, सगळं सरासरा मागे. फार वेगात आहोत, त्याच्या डोळ्यांनी सांगितलं. त्याने इंजिन थोडं कमी केलं. कोठार निसटायला लागलं, म्हणून त्याने विमान आणखी कलवलं. अजून फार वेग. त्याने नाक किंचित वर घेतलं.

कानाशी भोंगा किंचाळला. पंखांखालची हवा सुटत चालली की वाजतो तो भोंगा. त्याने तो ऐकला, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हा बिघडलाय, इतक्या वेगात कसा वाजेल?

"माझं विमान," अर्डिथ म्हणाली.

तिचा हात दांडीवर आला होता. नाक खाली गेलं, इंजिन पुरं उघडलं, पंख सरळ झाले. कोठाराचं पत्र्याचं टोक खिडकीतून इतक्या जवळून गेलं की लुमीरला त्यावरचा गंज दिसला.

"माझं विमान" हे शब्द त्यानेच तिला शिकवले होते. शिक्षकाने ते म्हटले की शिकणाऱ्याने तत्क्षणी हात सोडायचे, "तुझं विमान" म्हणायचं, आणि गप्प बसायचं. लुमीरने ते शेकडोंना म्हटले होते. त्याला मात्र स्वतःचं शिकणं संपल्यापासून कोणी म्हटले नव्हते. हात सुटायला त्याला जरा वेळ लागला.

"तुझं विमान," तो म्हणाला.

उतरवलंही तिनेच. इंजिन बंद झालं. वारा विमानाला हलवत होता.

"मास्तर, तुम्ही जमिनीकडे बघत होता."

"हं."

"हवेतल्या वेगाचा काटा बघितला नाहीत."

"कधीच बघितला नाही," लुमीर म्हणाला, आणि ते खरं होतं. फवारणी करताना काटा कोण बघतो? विमान सैल पडतंय की घट्ट आहे हे त्याच्या बैठकीला कळायचं, कानाला कळायचं, हाताच्या बोटांना कळायचं. आता बैठक आणि कान कधीतरी, त्याला न सांगता, नोकरी सोडून गेले होते. उरले होते नुसते डोळे, आणि डोळ्यांना जमीनच दिसते. त्याला स्वतःची किळस आली.

अर्डिथने पेन काढलं नाही. "उजळणीत कोणी नापास होत नसतो. मी एक धडा झाला म्हणून लिहिते. महिनाभर माझ्याबरोबर सकाळी या. हात अजून चांगले आहेत तुमचे."

"तुझ्याकडे? शिकायला?"

"माझ्याकडे."

"आणि रविवार?"

अर्डिथ खिडकीबाहेर बघत राहिली. "जुनी सही आहे तुमची. कायद्याने तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. मीही नाही," ती म्हणाली. "मी कोणाला सांगणारही नाही."

हे तिचं बोलणं त्याला थपडेपेक्षा जास्त लागलं. ओरडली असती तर तो उलट ओरडला असता. आता ओरडायला कोणीच नव्हतं.

घरी त्याने काही सांगितलं नाही. शुक्रवारी व्लास्ताने विचारलं, "झाली सही?" तो म्हणाला, "आहे सही." शनिवारी तो टेबलाशी गेला नाही. शेजारच्या गावात एक शिक्षक आहे, तो विमानाकडे न बघताच सही करतो हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. लुमीरने फोनची डायरी उघडून त्याचं नाव काढलं, आणि बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, एक फेरी मारायची. सरळ जायचं, सरळ यायचं. काट्यावर डोळा ठेवायचा. वळायचंय कोणाला? डायरी त्याने मिटली. सहीची गरज महिनाअखेरीला, रविवारला नाही.

रविवारी तो उजाडताच विमानतळावर गेला. टाकी भरली, तेल बघितलं, पंख दाबून बघितले, शेजारची काच आतून बाहेरून पुसली. दक्षिणेचाच वारा होता, गुरुवारइतका नाही, पण होता. हँगरमध्ये तवे तापले होते, माणसं यायला लागली होती. डेलमरने लांबून हाक मारली, "काय लुमीर, पट्टा लावू का खाली?" लुमीर काच पुसत राहिला.

नऊच्या सुमाराला व्लास्ता शेजाऱ्यांच्या गाडीतून आली. निळा कोट, ओठांना लाली, आणि डोक्याला रेशमी रुमाल, हनुवटीखाली घट्ट, दोन गाठी मारून बांधलेला. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती विमानासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुठून चढायचं?"

लुमीरने तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला.

"बॅटरी उतरलीय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे चालू होत नाही. डबडं आहे ते. अर्डिथचं चार माणसांचं आहे, ती नेईल. मी मागे बसतो."

व्लास्ता त्याच्यावर चिडली. इतकी वर्षं नाही म्हटलं, आणि हो म्हटलं तर ह्याची बॅटरी! पण रुमाल बांधून झालेला होता. ती पुढे अर्डिथच्या शेजारी बसली, लुमीर मागे. विमानाच्या मागच्या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. तिथून हाताला काहीच लागत नाही.

वर गेल्यावर व्लास्ताचं तोंड थांबेना. "ते बघ चर्च! आणि आपलं घर? इतकंसं? अगं, ही धुणी कोणाची वाळत आहेत!" वाऱ्याला तोंड होतं, खालचं शेत रांगत होतं. "किती हळू गं चाललोय आपण. बैलगाडी बरी." मग अर्डिथने अलगद वळवलं, वारा पाठीशी आला, आणि व्लास्ता किंचाळली, "अय्या! आता बघ कसं पळतंय! काय वेग घेतलास गं!"

लुमीरने दोघींच्या खांद्यांमधून काट्याकडे बघितलं. काटा जिथल्या तिथे होता. एक रेघसुद्धा हलला नव्हता.

म्हणजे हाच तो पट्टा, त्याला वाटलं. ही खालची सगळी जमीन. कधी हळू सरकते, कधी सुसाट सुटते, आणि विमानाला त्याचं काही म्हणजे काही नसतं. विमानाला फक्त हवा कळते. कोलाचात घुसलेल्या त्या खेळण्याला जे कळलं ते लुमीर कोटासला कळलं नाही, आणि त्यापायी तो गुरुवारी एका गंजक्या कोठारात जाऊन मरणार होता, अर्डिथला घेऊन. शी. त्याला डेलमरची शिसारी येईना, पाद्रीबाबांची येईना. सगळी शिसारी मागच्या सीटवर एकाच माणसाच्या वाट्याला आली होती.

उतरल्यावर व्लास्ता गाल लाल करून धापा टाकत होती. अर्डिथ विमान वाऱ्याने हलू नये म्हणून दोरांनी जमिनीला बांधायला गेली. व्लास्ताने लुमीरचा दंड धरला. "मला भीतीच नाही वाटली! उगाच घालवली रे इतकी वर्षं. पुढच्या रविवारी तुझ्यातून जाऊ या. आपण दोघंच. तोवर बॅटरी आण."

"बॅटरी चांगली आहे," लुमीर म्हणाला.

"मग?"

त्याने सांगितलं. गुरुवारचं कोठार, भोंगा, अर्डिथचा हात, सगळं. कुठे कमी केलं नाही, कुठे स्वतःची बाजू घेतली नाही. सांगताना तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. व्लास्ताने ऐकून घेतलं. तिचा हात त्याच्या दंडावरून खाली आला.

"आणि मला आज त्याच्यातून नेणार होतास?"

"नेलं नाही."

"ते मला दिसतंय. नेणार होतास का?"

हँगरमध्ये कोणीतरी तव्यावर पीठ ओतलं.

"हो."

"मग केव्हा ठरवलंस, न्यायचं नाही म्हणून?"

"तू रुमाल बांधून समोर आलीस तेव्हा."

व्लास्ताने हनुवटीखालची एक गाठ सोडली, मग दुसरी, रुमालाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मग तिने त्याच्यापुढे तळहात धरला. लुमीरने विमानाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिने मूठ मिटली नाही, हात तसाच धरून ठेवला.

"गाडीची पण दे," ती म्हणाली. "घरी मी चालवते."